बांध नेमका कुठे? मोजणी सांगते

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात हातभर बांधावरूनही भाऊबंदकी पेटते. बरेच जण अशा वेळी सातबारा पुढे करतात. पण सातबारा जमिनीचा धारक आणि क्षेत्र सांगतो. हद्द दाखवत नाही. हद्द ठरते ती भूमी अभिलेख कार्यालयातील नकाशावरून आणि मोजणीवरून.

मोजणीचे प्रकार गरजेप्रमाणे बदलतात. बांधाचा वाद असेल तर 'हद्द कायम' मोजणी, वाटणीसाठी 'पोटहिस्सा', घर किंवा कारखान्यासाठी 'बिनशेती', तर रस्ता-कालव्यासाठी 'भूसंपादन' मोजणी. नाशिक शहरात नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका चालते.

इंग्रजी अमदानीत 33 फुटी साखळीने जमीन मोजली जाई. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आज भूकरमापक उपग्रहांचे संकेत घेणारे रोव्हर यंत्र वापरतो. यंत्र नवे असले, तरी मोजलेली जागा मूळ अभिलेखाशी जुळवावीच लागते.

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखवून नकाशाची 'क' प्रत मिळते. निकाल अमान्य असल्यास वरिष्ठांकडून 'निमताना' मोजणी मागता येते.

जमीन घेण्याआधी मोजणी करून घ्या आणि त्या दिवशी शेजाऱ्यासह बांधावर स्वतः हजर राहा. कोर्टकचेरीपेक्षा मोजणीची फी कधीही स्वस्त.