गोंद्याचा झाला गेंदा

रायपूरहून भिलाईकडे निघाले की खारून नदीचा पूल ओलांडताच कुम्हारी लागते. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दसऱ्याची फुले घेताना छत्तीसगढीतला एक शब्द हमखास उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘गोंदा’. आपला झेंडू तो इथला गोंदा. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी 1971 साली दुर्गजवळच्या बघेरा गावी लोककलांचा जो गाजलेला कार्यक्रम उभा केला, त्याचेही नाव ‘चंदैनी गोंदा’. साऱ्या देशाच्या तोंडी मात्र हे फूल बसले ते हिंदी नावाने, 2009 साली, ‘दिल्ली-6’ चित्रपटातल्या ‘ससुराल गेंदा फूल’ या गाण्यामुळे.

ए. आर. रहमान यांचे संगीत, प्रसून जोशी यांचे शब्द आणि रेखा भारद्वाज यांचा जरा घोगरा, घरगुती वाटणारा आवाज. या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. पण छत्तीसगढच्या लोकांना ते नवे नव्हतेच. 1970च्या दशकातच रायपूरच्या जोशी भगिनींनी ‘सास गारी देवे’ हे गाणे घरोघरी पोचवले होते. शब्द गंगाराम शिवारे यांचे आणि चाल हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरमधले नट-गायक भुलवाराम यादव यांची, असे तिकडे सांगितले जाते. मुंबईपर्यंत ते पोचले अभिनेते रघुवीर यादव यांच्यामुळे.

दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकली तर चाल ओळखीची वाटते, पण घर बदललेले दिसते. चित्रपटात सासू बोलते खरी, पण नवरा छेड काढतो, नणंद चिमटे घेते, दीर समजूत घालतो. एकूण सासर गोडच. बाबुलचे अंगण सोडून आलेल्या नवरीला प्रियकराचे घर आवडू लागले आहे. मूळ गाण्यातली सून एवढी नशीबवान नाही. तिथे सासू शिव्या देते, नणंद तोंड सोडते आणि नवराही शिव्याच देतो! तिला जवळचा वाटतो तो एकटा दीर. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांत सासरचे जे वर्णन येते, त्याच्याशी हे जास्त जुळते. बायकांनी बायकांसमोर म्हणायच्या गाण्यात नवऱ्याला झाकण्याचे कारण नसते. चित्रपटाच्या गाण्याला ती मोकळीक नव्हती, किंवा घ्यावीशी वाटली नाही.

व्यापाऱ्याचेही तसेच. मुळात तो गाडीत बसून येतो आणि त्याला ओवाळले जाते. चित्रपटात नवराच व्यापारी झाला आणि परदेशी निघाला. एक शब्द तोच, पण येणाऱ्याचा जाणारा झाला.

म्हणून चित्रपटातले गाणे वाईट ठरत नाही. उलट पुन्हा गायलेले गाणे कसे असावे याचा तो चांगला नमुना आहे. रहमान यांनी आधुनिक ठेका दिला, तरी अंगणात बसून गाणाऱ्या बायकांचा सूर हरवू दिला नाही. दुखते ते दुसरीकडेच. गाणे गाजल्यावर मूळ गाणाऱ्यांना आणि रचणाऱ्यांना श्रेय का नाही, असा सवाल छत्तीसगढमध्ये उठला. ‘लोकगीत’ म्हटले की ते कुणाचेच नसते असे शहरात समजले जाते. इथे तर माणसांची नावे सांगितली जात होती.

2020 साली असेच पुन्हा घडले, आणि योगायोग असा की नाव तेच, ‘गेंदा फूल’. गायक बादशाहने त्यात वापरलेले बंगाली गाणे वेगळे, बीरभूम जिल्ह्यातल्या रतन कहार यांचे. आरडाओरड झाल्यावर बादशाहने त्यांना पाच लाख रुपये पाठवले. 2024 मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली. 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रित गाणे पुन्हा गायचे तर पाच वर्षे थांबून, आधी कळवून, मानधन द्यावे लागते. पण कागदावर ज्याचे नावच नाही, त्याला कळवणार कोण?

जोशी भगिनींचे गाणे मिळाले तर शेवटपर्यंत ऐकावे. ददरियाच्या धर्तीवर त्यातली कडवी एकमेकांशी संबंध न ठेवता येतात. एकात सायकलवर बसणारा कुणी ओळखू यावा अशी इच्छा आहे, एकात सीतेच्या शोधाला निघालेला हनुमान, आणि एकात पायात वहाणा घालून, विडा खाऊन पाकिस्तानला निघून गेलेला एक रायपूरकर. दिल्लीच्या चित्रपटात या तिघांपैकी कुणालाच जागा मिळाली नाही.