भांगेचा वाख, गांजा आणि कायद्याचे कलम १४

अलीकडे आमच्या सभासदांकडून एकच प्रश्न वारंवार येतो. उत्तराखंडात भांगेच्या झाडाची लागवड वाखासाठी करण्यास सरकार परवानगी देते, मग ती रत्नागिरी जिल्ह्यात का मिळू नये? प्रश्न गैर नाही. भातलावणीस माणूस मिळत नाही, वरकस जमिनी पडून आहेत, उभे पीक वानर व रानडुकरे ठेवीत नाहीत. अशा वेळी कोणी नवे पीक सुचविले म्हणजे ऐकावेसे वाटतेच. परंतु महसुली कचेरीत आमची उमर गेली. तेथे पुष्कळ अर्ज नामंजूर होताना आम्ही पाहिले. मागणी खोटी होती म्हणून नव्हे, तर ती चुकीच्या शब्दांत व चुकीच्या अधिकाऱ्याकडे केलेली होती म्हणून. या पिकाचेही तसेच होऊ पाहत आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे जो ताग होतो, ज्याच्या वाखाची जाळी व दोर नायलॉन येण्यापूर्वी किनाऱ्यावरील कोळी व गाबीत बांधव करीत असत, तो द्विदल वर्गातील असून त्यास फुले पिवळी येतात. त्यात मादक असे काही नाही. त्यास इंग्रजीत ‘सन हेंप’ म्हणतात, आणि खरा हेंप म्हणजे भांगेचे झाड. या एका ‘हेंप’ शब्दामुळे कित्येकांची समजूत अशी झाली आहे की, ताग पेरता येतो त्याअर्थी हेंपही पेरता येत असेल. हिरवळीच्या खतासाठी ताग खुशाल पेरावा. हेंपची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे.

अमली पदार्थांविषयीचा केंद्राचा कायदा १९८५ सालचा. त्याने भांगेच्या झाडाची व्याख्या त्या जातीचे कोणतेही झाड अशी केली आहे. त्यात वाखाचे आणि गांजाचे असा भेद नाही. कलम ८ अन्वये लागवडीस बंदी असून कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘गांजा’ या शब्दाच्या व्याख्येतून नुसती पाने व बी वगळली आहेत, यावरून कोणी असे म्हणतात की पानांसाठी झाड लावले तर दोष नाही. हे साफ चूक आहे. पाने वगळली, झाड वगळलेले नाही. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये आपल्या राज्यात भांगही परवान्यावाचून बाळगता येत नाही.

जमीनधारकांनी कलम ४६ विशेष लक्षात ठेवावे. आपल्या जमिनीत अशी बेकायदा लागवड झाली असता ती तत्काळ कळविण्याचे कर्तव्य धारकावर आहे, आणि जाणूनबुजून न कळविल्यास तो शिक्षेस पात्र होतो. कलम ४७ अन्वये हेच कर्तव्य पंच, सरपंच व इतर ग्रामाधिकाऱ्यांवर आहे. कसणाऱ्याने लावलेल्या शेतात झाड उभे सापडल्यास त्याचा समाधानकारक खुलासा करण्याचा भार कलम ५४ त्याच्यावर टाकते. आपल्याकडे सातबारावर दहादहा नावे सामाईक, निम्मे धारक मुंबईस आणि जमीन कसणारा तिसराच, अशी स्थिती सर्रास असते. तेव्हा कोणाच्या हाती जमीन दिली व तो तीत काय पेरतो, हे पाहिल्यावाचून स्वस्थ बसू नये.

इतके कडक कायद्यातही एक दार ठेवलेले आहे. कलम १४ सांगते की, केवळ वाख अथवा बी मिळविण्याच्या औद्योगिक कामासाठी किंवा उद्यानशोभेसाठी सरकार सर्वसाधारण अथवा खास आदेशाने, अटी घालून, लागवडीस परवानगी देऊ शकते. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही अशा लागवडीस सूट होतीच. उत्तराखंडाने याच कलमाच्या आधारे २०१८ साली पहिला परवाना दिला. तेथे टीएचसी नावाच्या मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये अशी अट आहे. हिमाचल प्रदेशात महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिचा अहवाल २०२४ च्या सप्टेंबरात विधानसभेने स्वीकारला. भांगेच्या बियांस व तेलास २०२१ पासून अन्न म्हणून मान्यता मिळाली आहे. परवान्याची पद्धत आपल्या मुलखासही सर्वस्वी नवी नव्हे. १८९३-९४ च्या चौकशी आयोगापुढे मुंबई इलाख्याची जी माहिती आली, तीत तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील परवान्याची लागवड होती. आणि सरसकट बंदीची आवश्यकता नाही, असा त्या आयोगाने अभिप्राय दिला होता.

आता आपल्या राज्यात काय घडले ते पाहू. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. कोणत्याही पिकास भाव मिळत नाही, ही त्याची तक्रार होती, आणि तक्रार खरी होती. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरविला. त्याचे दुःख आम्हांस समजते. परंतु अर्जात ‘गांजा’ हा शब्द पडला तेथेच काम संपले. कलम १४ गांजासाठी नाहीच, आणि सरकारचा आदेश निघाल्यावाचून जिल्हाधिकारीही काही देऊ शकत नाहीत.

मागणी करावयाची ती सरकारकडे, आणि तीही आधी प्रयोगाची. कारण हे पीक येथे साधेल की नाही हाच मोठा प्रश्न आहे. झाड दिवस लहान झाला की फुलावर येते. युरोपातील वाखाच्या जाती लांब दिवसांच्या मुलखात तयार झालेल्या. त्या आपल्या अक्षांशावर लवकर फुलून खुजट राहण्याचा संभव फार. फूल-बियांवर गेलेल्या खुजट झाडापासून वाख तो कितीसा निघणार? मुळाशी पाणी साचलेले या झाडास सोसत नाही, आणि आपला आषाढ तर सर्वांस ठाऊक आहे. उष्ण हवेत ०.३ टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली तर उभे पीक नष्ट करावे लागेल. तो तोटा कोणी सोसावा? वाख सोलून घेणारा कारखाना जवळ नसेल तर माल कोठे न्यावा? हे प्रश्न दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने स्वतःच्या प्रक्षेत्रावर, सरकारी परवानगीने, दोनतीन हंगाम पाहून सोडवावेत. शेतकऱ्याने आपल्या सातबारावर सोडवू नयेत.

सबब ‘परवाना घेऊन देतो’ असे सांगून बियाण्याचे पैसे मागणारा कोणी दारी आल्यास, सरकारचा आदेश कोणत्या तारखेचा व कोणत्या राजपत्रात छापला, इतकेच त्यास विचारावे. एक असा गृहस्थ आमच्याकडेही आला होता. तारीख विचारताच त्याने चहा अर्धा टाकून रजा घेतली.

कलम १४ खाली प्रयोगास परवानगी द्यावी, बी विद्यापीठानेच पुरवावे, आणि मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वर्षी फौजदारी न करता पीक नष्ट करून भरपाई द्यावी, अशा तीन मागण्यांच्या ठरावाचा मसुदा आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. तो वार्षिक सभेपुढे येईल. ज्या सभासदांस त्यात फेरफार सुचवावयाचा असेल त्यांनी तो लेखी, आपल्या गावच्या प्रतिनिधीमार्फत पाठवावा.