काळी-पिवळीच्या नंबरात ॲपची गाडी

कळवण तालुक्यात धावणाऱ्या काळी-पिवळी जीपचा हिशेब मीटरवर चालत नाही. भाडं सीटमागे ठरलेलं असतं. गाडी भरली की सुटते आणि मागची गाडी नंबरात पुढे सरकते. तालुक्यात रेल्वे नाही, नाशिक सुमारे 80 किलोमीटरवर. अभोणा, कनाशी, नांदुरी, वणी, देवळा या वाटांवर एसटीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ या गाड्यांनीच सांभाळला आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला, तेव्हा राज्य सरकारने खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा दिली. एरवी ज्यांच्यावर अवैध वाहतुकीचा शिक्का बसतो, त्यातल्या कित्येकांनी त्या महिन्यांत खेडी चालती ठेवली. हे विसरता कामा नये.

या रस्त्यांवर ओला-उबरचा धंदा अजून रुजलेला नाही. पण नाशिकला दवाखान्यासाठी किंवा कॉलेजच्या कामाला गेलेला कळवणकर बसमधून उतरला की मोबाइल काढतो आणि रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं ॲपवरच्या आकड्याशी ताडून पाहतो. नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईला सीटवर जाणाऱ्या टॅक्सीलाही आता घरापासून घरापर्यंत नेणाऱ्या गाडीशी सामना आहे. म्हणून जे मोठ्या शहरांत घडलं, ते कळवणच्या चालकानेही नीट पाहून ठेवायला हवं.

मुंबईत काळी-पिवळीने एकेकाळी साठ हजारांचा आकडा ओलांडला होता. 2007 मध्ये मेरूसारख्या वातानुकूलित टॅक्सी आल्या. डिसेंबर 2010 मध्ये ओला सुरू झाली, 2013 मध्ये उबर भारतात उतरली आणि पुढच्या वर्षी मुंबईत पोहोचली. सुरुवातीला प्रवाशाला सवलत, चालकाला बोनस, पैसा गुंतवणूकदारांचा. सरकारने ठरवलेल्या मीटरवर चालणारा टॅक्सीवाला या दरांशी टक्कर देऊच शकत नव्हता. भाडं नाकारणं, जवळच्या प्रवाशाला झिडकारणं या त्याच्या सवयींनी प्रवासी आधीच दुखावलेला होता, हेही तितकंच खरं. दर आधी कळणं, गाडी कुठे आहे ते दिसणं, रात्री एकट्या बाईच्या घरच्यांना तिचा प्रवास नकाशावर पाहता येणं, हे ॲपने दिलं आणि ते मोलाचं आहे. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. तोवर तिचा प्रवासी कधीच दुसरीकडे वळला होता.

बोनस मात्र टिकला नाही. कर्ज काढून गाड्या घेतलेले चालक हप्त्यांत अडकले. भाड्यातला मोठा वाटा कंपनीकडे जायचा, दर कंपनी ठरवायची, आणि परतीचं रिकामं अंतर चालकाच्या डिझेलवर. मार्च 2018 मध्ये मुंबईत ॲपच्या चालकांनी संप केला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा गाड्या थांबवल्या. ज्यांच्यामुळे जुने टॅक्सीवाले बुडाले असं म्हटलं जायचं, तेच आता सरकारी मीटरइतका दर मागू लागले होते.

मूळ प्रश्न इथेच आहे. जुन्या टॅक्सीचं भाडं प्राधिकरण ठरवतं, इंधन महागलं की संघटना मागणी करते, निर्णय जाहीर होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या टॅक्सीचं किमान भाडं 28 वरून 31 रुपये झालं, ते याच रीतीने. ॲपचा दर गर्दी पाहून मिनिटामिनिटाला बदलतो आणि त्याचा जाब विचारायला खिडकी नाही. पुण्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने 1 जानेवारी 2024 पासून ॲपवरच्या वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला 37 रुपये आणि पुढे किलोमीटरला 25 रुपये असा दर ठरवला. दर मिळाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी चालकांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. जुलै 2025 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीहून जास्त आणि एरवी निम्म्याहून कमी दर घेता येत नाही. गाडी चालकाची असेल तर भाड्याचा किमान 80 टक्के वाटा त्याचा.

गोव्याने वेगळी वाट धरली. ओला-उबर बाहेर ठेवून तिथल्या पर्यटन महामंडळाच्या पुढाकाराने ऑगस्ट 2018 मध्ये गोवा माइल्स हे ॲप आलं, पण स्थानिक टॅक्सीवाल्यांनी त्यालाही कडवा विरोध केला. बंगळुरूत मात्र नोव्हेंबर 2022 मध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेच्या साथीने ‘नम्मा यात्री’ उभं राहिलं. फेरीमागे कमिशन नाही. पुढे दिवसाला ठरावीक लहान रक्कम घेण्याची पद्धत आली. नंतर मोठ्या कंपन्यांनाही तशा योजना आणाव्या लागल्या. स्पर्धा चालकांच्या बाजूने उभी राहिली की कंपन्या वाकतात, याचा हा पुरावा.

कळवणला शहराचं ॲप जसंच्या तसं चालणार नाही. इथे गाडी एकट्याची नसते, सीटची असते; सोबत भाजीची पाटी असते, खताची गोणी असते. डोंगरपट्ट्यात मोबाइलची रेंज हमखास मिळेलच असं नाही. नवरात्रात सप्तशृंग गडावर खासगी गाड्यांना बंदी असते आणि नांदुरीपासून पुढे एसटीच भाविकांना नेते, म्हणजे ऐन गर्दीत गडाचा धंदा जीपवाल्यांना मिळत नाही. तरीही सकाळी नाशिकला जाणारी गाडी कधी सुटणार, किती सीट शिल्लक आहेत, भाडं किती, एवढं मोबाइलवर कळलं तर प्रवाशाचा तासभर वाचेल. सीटपेक्षा जास्त माणसं कोंबणंही मग लपून राहणार नाही.

मार्च 2025 मध्ये केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत सहकारी टॅक्सीची घोषणा केली. नफा चालकांचा, हे तिचं सूत्र. साखर कारखाने, दूध संघ आणि विकास सोसायट्या उभारलेल्या महाराष्ट्राला हे सूत्र नवं नाही. कळवण, वणी, देवळ्याच्या जीपचालकांनी परमिट, विमा आणि बिल्ल्याची कागदपत्रं नीट करून आपली सोसायटी आताच नोंदवावी, भाड्याचा फलक थांब्यावर लावावा आणि मग ॲपवाल्याशी बोलणी करावीत. कंपनी आधी आली, तर अटी तिच्या असतील.