काकवी, क्षार आणि मासे

करवीर संस्थानच्या जुन्या मुलखात पाण्याचा जो काही विचार झाला तो प्रामुख्याने उसाच्या अनुषंगाने झाला. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, स्वातंत्र्योत्तर काळात ते पूर्णत्वास गेले, आणि नद्यांच्या पात्रांत जागोजागी बरगे घालून पाणी अडविणारे जे बंधारे उभे राहिले त्यांना सबंध महाराष्ट्र ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणूनच ओळखू लागला. या साऱ्या उद्योगाचे फळ म्हणजे ऊस, गूळ आणि साखर. आणि त्या फळाबरोबर ओघाने आलेली दोन नकोशी अपत्ये म्हणजे कारखान्यांच्या मळीने काळवंडलेली नदी आणि अतिरिक्त पाण्याने क्षारपड झालेली जमीन. मासा या हिशेबात कधी नव्हताच. धरणात तो आहे तर ठेका द्यावा, एवढीच त्याची दफ्तरी नोंद. आज मत्स्यसंवर्धनाचे जे नवे शास्त्र सिद्ध होत आहे त्याचा कोल्हापूरशी असलेला संबंध मात्र थेट साखरेतून आणि क्षारांतून जातो, आणि म्हणूनच समुद्रापासून घाटाने तुटलेल्या या जिल्ह्याने त्याकडे लक्षपूर्वक पाहावे असे मला मनापासून वाटते.

या शास्त्राचा भारतातील खरा आरंभ एका जुन्या निरीक्षणापासून झाला. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीचे गढूळ पाणी ओढ्या-नाल्यांतून शेतात शिरते आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. या वलगणीच्या माशांची वाट आपल्याकडे खेड्यापाड्यांतून दरसाल पाहिली जाते. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासेही अशाच पुराच्या हाकेला ओ देणारे. तळ्याच्या स्तब्ध पाण्यात ते वाढतात, पुष्ट होतात, मादीच्या पोटात अंडी भरतात, परंतु पुराची चाहूल लागल्यावाचून ती अंडी बाहेर पडत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे, आणि त्यात कोणते पिल्लू कोणत्या जातीचे हे सांगणे दुरापास्त असे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी एका माशाच्या मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशास टोचून बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले. नदीचा पूर जो संदेश शरीराला देतो तोच त्यांनी सुईच्या अग्रावरून दिला. पुढे ग्रंथीच्या अर्काची जागा कृत्रिम संप्रेरकांनी घेतली. आज जिल्ह्याच्या तलावांत सोडली जाणारी मत्स्यजिरे आणि बोटुकली ही त्याच प्रयोगाची वंशज आहेत. 10 जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो याच कारणाने.

बीज हाती आल्यावर त्याची निवड करणे क्रमप्राप्त होते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने 1992 पासून रोहूच्या निवडक पैदाशीचे काम हाती घेतले. निरनिराळ्या नद्यांतील रोहू आणून, त्यांच्या संततीतून वेगाने वाढणारी कुटुंबे पारखून पुढच्या पिढीस जन्म द्यावयाचा, अशी ही पद्धत, आणि तीत प्रत्येक पिढीस वाढीचा वेग सुमारे 17 टक्क्यांनी चढत गेला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1997 साली, हा रोहू ‘जयंती’ या नावाने प्रसृत झाला. गाई-म्हशींच्या आणि धान्यांच्या बाबतीत माणसाने सहस्रावधी वर्षे जे केले ते रोहूच्या बाबतीत करावयास त्याने विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडू दिला, हे मला अत्यंत विस्मयकारक वाटते.

परंतु कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वांत जवळचे तंत्र म्हणजे ज्यास मत्स्यपालक आज ‘बायोफ्लॉक’ या नावाने ओळखतात ते. त्याचे मर्म समजण्यासाठी माशाच्या देहधर्माचा थोडा विचार करावा लागेल. मासा खाद्यातील प्रथिने पचवितो आणि उरलेले नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात टाकतो. खाद्यातील नत्रापैकी जेमतेम पाव हिस्सा त्याच्या मांसात टिकतो. वाहत्या नदीत याचे काही वाटत नाही. लहान टाकीत मात्र मासा स्वतःच टाकलेल्या विषात श्वास घेऊ लागतो. हे विषही पाण्याच्या गुणधर्माप्रमाणे कमीअधिक होते: 25 अंश उष्णतेला, सामू 7 असता एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भाग घातक स्वरूपात असतो, सामू 9 झाला की तोच तिसऱ्या हिश्श्याच्याही वर जातो. यावर जुना उपाय म्हणजे पाणी बदलणे. आणि बदललेले पाणी जावयाचे कोठे, तर अखेर ओढ्यात.

इस्रायलचे शास्त्रज्ञ योराम अवनिमेलेख यांनी या कोड्याची दुसरी बाजू पाहिली. पाण्यात असे असंख्य जिवाणू असतात की जे अमोनियातील नत्र उचलून स्वतःच्या देहाची प्रथिने बनवू शकतात, परंतु त्यासाठी त्यांना कर्बाचा पुरवठा हवा असतो. माशांच्या टाकीत नत्र मुबलक, कर्ब अपुरा. तो कर्ब बाहेरून घातला, तर हे जिवाणू झपाट्याने वाढतात, एकमेकांना आणि शेवाळाच्या कणांना चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके बनतात, आणि चिलापी किंवा कोळंबी ते पुंजके खाऊन टाकते. जे विष होते ते अन्न होऊन पुन्हा माशाच्या पोटात जाते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील गणित साधे आहे: एक ग्रॅम अमोनियारूप नत्र जिवाणूंच्या देहात बांधण्यास सुमारे वीस ग्रॅम कर्बोदके लागतात. तीस टक्के प्रथिनांचे एक किलो खाद्य टाकले तर सुमारे 24 ग्रॅम नत्र अमोनिया होऊन पाण्यात येते, आणि त्यास अर्ध्या किलोच्या आसपास कर्बोदके पुरवावी लागतात. आता ही कर्बोदके स्वस्तात कोठून आणावयाची? जगभरच्या मत्स्यपालकांनी जे उत्तर शोधले ते कारखान्याच्या मळीचे आणि गुळाचे आहे, आणि ते वाचताना कोल्हापूरच्या माणसाला आपल्या घरचाच जिन्नस परमुलखात प्रतिष्ठा पावलेला दिसावा असा प्रत्यय येतो. मळीचा सुमारे निम्मा भाग शर्करेचा असतो. म्हणजे एक किलो खाद्यामागे अदमासे एक किलो मळी. करवीर, पन्हाळा, कागल येथील गुऱ्हाळांवरची काकवी हेच काम करू शकते, जरी माणसाच्या ताटाला योग्य असा तो पदार्थ माशाच्या टाकीत ओतावा की नाही हा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा आहे.

याच ठिकाणी पंचगंगेचे स्मरण होते आणि मन विषण्ण होते. प्रयाग-चिखलीला जन्म घेणारी ही नदी शिरोळ तालुक्यात पोहोचेपर्यंत वाटेतली गावे, शहरे आणि उद्योग यांचे सांडपाणी पोटात घेते, आणि तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या वार्ता अनेक वर्षे वाचनात येत आहेत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या द्रावाची जैविक प्राणवायू-मागणी दर लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. स्नानास योग्य अशा नदीत ती तीन मिलिग्रॅमहून अधिक असू नये. मळी तीच, जिवाणू तेच, आणि त्यांची भूकही तीच. बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यात ते जिवाणू खाता खाता सारा प्राणवायू संपवून टाकतात आणि मासा गुदमरून मरतो. टाकीत अहोरात्र हवा सोडलेली असते म्हणून त्याच जिवाणूंचे माशाला भोजन होते. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात, कितीही घुसळले तरी, लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळू शकतो. या एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर सारा व्यवहार चाललेला असतो, आणि मत्स्यपालनातील कौशल्य म्हणतात ते बहुतांशी या भांडवलाच्या राखणीचे कौशल्य होय.

म्हणूनच या तंत्राविषयी जे उत्साहाचे वातावरण मध्यंतरी पसरले त्याबद्दल सावधपणे बोलणे मला कर्तव्य वाटते. 2020 साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, टाक्यांस अनुदान मिळू लागले, आणि चार मीटर व्यासाची ताडपत्रीची टाकी म्हणजे घरबसल्या उत्पन्न, अशी समजूत झाली. वस्तुस्थिती अशी की, दहा-बारा हजार लिटरच्या दाट वस्तीच्या टाकीत वीज अर्धा-पाऊण तास गेली आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर सहा महिन्यांचे पीक त्याच रात्री पालथे पडते. शंकूच्या आकाराच्या पात्रात पाणी घेऊन पुंजके किती साचतात हे रोज पाहावे लागते, सामू आणि अमोनिया तपासावा लागतो, पुंजके माजले तर ते उपसावे लागतात. गोठ्यातील दुभत्या जनावराकडे कोल्हापूरचा शेतकरी ज्या निष्ठेने पाहतो ती निष्ठा येथे पाहिजे.

धरणांतील पिंजऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. तरंगत्या चौकटींना जाळी लावून त्यांत पंगस किंवा सुधारित चिलापी वाढविण्याची पद्धत महाराष्ट्राच्या जलाशयांत रूढ होत आहे आणि तिचे उत्पन्न नाकारण्यासारखे नाही. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याच्या जलाशयांत परका मासा नेताना महसीर या नदीतल्या माशाची कथा ध्यानी ठेवावी. दख्खनचा महसीर कर्नल साइक्स याने 1839 साली शास्त्रास परिचित करून दिला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलविद्युत तलावांकाठी 1970 च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मराठी मत्स्यशास्त्रज्ञांनी त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि ते काम निःसंशय थोर होते. पण तेथील बोटुकली कावेरीतही सोडली गेली, आणि तेथे या दख्खनी माशाने तिथल्या मूळच्या, पाठीवर वशिंड असलेल्या महसीरची जागा व्यापली. त्या माशाला शास्त्रीय नाव नेमके लागले ते 2018 साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत गेला. एका नदीचा रक्षिलेला मासा दुसऱ्या नदीत आक्रमक ठरला. जाळी फाटते, पूर येतो, आणि कोल्हापूरला 2019 साली पूर काय करू शकतो हे पाहून झाले आहे.

आता क्षारांकडे वळतो, कारण माझ्या मते जिल्ह्याची खरी संधी तेथे आहे. शिरोळच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे पाटाचे पाणी बेसुमार दिले गेले, भूजल वर चढले, त्याबरोबर क्षारही वर आले, आणि उत्तमोत्तम रानांचे चोपण झाले. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचऱ्याचे मोठे काम केले आहे आणि अशी जमीन पुन्हा उसाखाली आणली आहे. प्रथम उपाय तोच. परंतु जी जमीन निचऱ्यानेही लवकर सुधारणारी नाही, तिचे काय? हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे केंद्र आहे, आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर, खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढविण्याचे शास्त्र तेथे घडले. 2009 साली भारतात परवानगी मिळालेली ‘व्हॅनामी’ कोळंबी जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत तग धरते. अडचण निराळीच निघाली. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या हिश्श्याइतके पालाश असते. भूगर्भातील खाऱ्या पाण्यात ते फारच अल्प, कारण मातीचे कण पालाश धरून ठेवतात. पालाशावाचून कोळंबीच्या कल्ल्यांतील क्षार-नियमनाची यंत्रणा चालत नाही, ती कात टाकताना दुबळी होते आणि मरते. उपाय शेतकऱ्याच्या ओळखीचा निघाला: उसाला घालतात तेच पोटॅश, मोजून, पाण्यात.

शिरोळचे पाणी हरियाणाच्या पाण्यासारखे असेल असे गृहीत धरता येत नाही. काळ्या जमिनीतील क्षारांचे घटक निराळे, तेव्हा गावोगावच्या विहिरी आणि निचऱ्याच्या नळ्यांतून येणारे पाणी तपासून सोडियम, पालाश, चुना आणि मॅग्नेशियम यांचा तक्ता प्रथम तयार झाला पाहिजे. तळ्याला अस्तर हवे, नाहीतर शेजारच्या धडधाकट रानात क्षार झिरपतील. कोळंबीचे बीज विषाणुमुक्त असल्याचा दाखला हवा. 1990 च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे शेतकरी कसे उद्ध्वस्त झाले हे विसरून चालणार नाही. आणि पीक काढल्यावर उरलेले खारे पाणी नृसिंहवाडीकडे वाहणाऱ्या कृष्णा-पंचगंगेत सोडता येणार नाही; ते निवळू देऊन पुढील पिकास वापरावयाचे, अथवा त्यात क्षार सोसणाऱ्या वनस्पती वाढवावयाच्या. 2005 चा किनारी मत्स्यसंवर्धनाचा केंद्रीय कायदा किनाऱ्यापुरता आहे. घाटमाथ्यापलीकडच्या या तळ्यांसाठी नियम राज्याने करावयाचे आहेत, आणि ते पहिले तळे खोदण्यापूर्वी झाले पाहिजेत.