‘कायदेशीर करा’ म्हणजे नेमके काय?

गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक संपल्यावर चहाच्या वेळी आपल्या तरुण मंडळींत चांगलाच वाद जुंपला. "दारू उघड विकतात, भांगेचा सरकारी ठेका असतो, मग बाकीच्या नशेवरच बंदी का? सगळे कायदेशीर करून टाका, चोरटा धंदा आपोआप बसेल," असे एकाचे म्हणणे.

मुद्दा अगदीच पोकळ नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा आणि चरस येतात, पण त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, येत नाही. मात्र ‘कायदेशीर’ हा शब्द आपण फार सैल वापरतो.

नोकरीत काही वर्षे मी मंदसौर भागात काढली. तिथे अफू हे रीतसर पीक आहे. नार्कोटिक्स खात्याचे मुख्य कार्यालय आपल्या ग्वाल्हेरला. ते खाते दरवर्षी शेतकऱ्याला पट्टा देते, तोही काही आरींचाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोड्यांना चिरे देतात, दुसऱ्या दिवशी पहाटे चीक खरवडतात आणि त्याचे वजन मुखियाच्या वहीत चढते. मग सरकारी तोल. माल सरकारशिवाय कोणालाही विकायचा नाही. तो नीमचच्या कारखान्यात जातो आणि त्यातून मॉर्फिन, कोडीनसारखी औषधे होतात. ठरल्यापेक्षा कमी भरले तर पुढच्या वर्षीचा पट्टा धोक्यात. आमच्या कॅशियरवरसुद्धा इतकी नजर नसे! तरीही माल गळतो, कारण चोरट्या बाजारातला भाव सरकारी भावाच्या कितीतरी पट असतो. परवाना दिला की काळा बाजार संपतो, हे मला म्हणूनच पटत नाही.

पोर्तुगालने 2001 मध्ये सगळे खुले केले, असेही त्या दिवशी कोणीतरी ठामपणे सांगितले. तसे झालेले नाही. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. फक्त स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांचा साठा बाळगणाऱ्यावर फौजदारी खटला होत नाही. त्याला एका समितीपुढे जावे लागते आणि ती व्यसनी माणसाला उपचाराकडे वळवते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 2020 मध्ये मतदान घेऊन तसेच काहीसे केले, पण उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही. रस्त्यावरच्या उघड सेवनाला लोक कंटाळले आणि 2024 मध्ये पुन्हा गुन्हा ठरवावा लागला.

माझे मत विचाराल तर हेरॉइन, एमडी दुकानात मिळू नयेत. पण विकणारा आणि व्यसनात अडकलेला, दोघे एकाच खात्यात टाकणे चूक आहे.

आमच्या ओळखीतल्या एका घरातला मुलगा ब्राऊन शुगरच्या नादी लागला. दीड वर्ष आई-वडिलांनी कोणाला कळू दिले नाही. दवाखान्यात नेले तर पोलीस केस होईल, पोरगा तुरुंगात जाईल, ही धास्ती. घरातले दागिने एकेक करून गेले. एके दिवशी वडील माझ्याकडे सोने तारण कर्जाची चौकशी करायला आले. तारण ठेवायला काय आहे, असे मी विचारले, तर त्यांना रडू कोसळले.

आपल्या कायद्यातले 64अ हे कलम तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात (हेरॉइनसाठी ही मर्यादा 5 ग्रॅम आहे) बाळगण्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर ते काढून घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

मुलगा पुढे सावरला, पण ते दीड वर्ष वाया गेले. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक 14446 आहे; फोनला पैसे पडत नाहीत.