विश्लेषण : इटलीची ‘स्टिलेटो’, रामपुरी चाकू आणि शेतातला कोयता... पाते ‘शस्त्र’ कधी ठरते?

बटण दाबले की ‘खट्’ आवाज होतो आणि लाकडी मुठीतून निमुळते पाते बाहेर येते. इटलीत हाताने घडवलेल्या ‘स्टिलेटो’ चाकूंच्या अशा चित्रफिती मोबाइलवर सतत दिसतात आणि अनेक तरुणांना तो चाकू मागवण्याचा मोह होतो. दुसरीकडे हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या (ता. सेनगाव) सोयाबीन-हळदीच्या पट्ट्यात लागणारे विळे, खुरपी आणि कोयते पिढ्यान्‌पिढ्या लोहार-घिसाडी हातानेच घडवत आले आहेत. त्यांची मूठही लाकडाचीच असते. या दोन पात्यांत फरक काय? कायद्याच्या नजरेत शस्त्र कोणते आणि अवजार कोणते?

‘स्टिलेटो’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द लॅटिन ‘स्टिलुस’वरून आला आहे. मेणाच्या पाटीवर अक्षरे कोरण्याच्या टोकदार लेखणीला ‘स्टिलुस’ म्हणत. मूळची स्टिलेटो ही घडीची सुरी नव्हती. मध्ययुगात इटलीत वापरली जाणारी ती बारीक, अणकुचीदार कट्यार होती. तिचे काम कापण्याचे नव्हते, भोसकण्याचे होते. चिलखताच्या फटीतून टोक आत जावे, हा त्या आकारामागचा हेतू.

पुढे तोफखान्यातील गोलंदाजांनीही ती वापरली. त्यांच्या स्टिलेटोच्या पात्यावर मोजपट्टीसारख्या खुणा कोरलेल्या असत आणि त्यावरून तोफेच्या नळीचे व गोळ्याचे माप घेतले जाई. म्हणजे एकच वस्तू शस्त्र होती आणि मोजमापाचे साधनही होती.

आज दिसते ती स्प्रिंगवर उघडणारी घडीची स्टिलेटो मुख्यतः उत्तर इटलीतील मानियागो गावाशी जोडलेली आहे. तिथे १४५३ मध्ये नदीचे पाणी कालव्याने वळवले गेले. त्या पाण्यावर लोखंड ठोकणारे यांत्रिक घण चालू लागले आणि गाव लोहारकामासाठी प्रसिद्ध झाले. मुठीसाठी शिंग किंवा ऑलिव्हसारखे लाकूड वापरले जाते. या कलेचे संग्रहालयही मानियागोत आहे.

मग ही सुरी बदनाम कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी असे चाकू आठवण म्हणून घरी नेले. पुढे त्यांची आयात वाढली. १९५० च्या दशकात वर्तमानपत्रे आणि चित्रपटांमुळे हा चाकू गुंड पोरांची ओळख बनला. अमेरिकेने १९५८ मध्ये आणि ब्रिटनने १९५९ मध्ये खटक्याच्या चाकूंवर निर्बंध आणले.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) या चित्रपटात असाच एक चाकू कथेच्या केंद्रस्थानी आहे. बासू चॅटर्जींनी त्यावरून ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) हा हिंदी चित्रपट केला. हा चाकू दुर्मीळ आहे, म्हणून तो आरोपीचाच, असे सगळे गृहीत धरतात. तेव्हा एक जण तसाच दुसरा चाकू टेबलावर ठेवतो. वस्तू पाहून माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये, हा त्या प्रसंगाचा मुद्दा आजही लागू पडतो.

भारतात अशीच गत रामपुरी चाकूची झाली. उत्तर प्रदेशातील रामपूरचे कारागीर त्यासाठी नावाजलेले होते. हिंदी चित्रपटांतील खलनायकाच्या हातात तो गेला आणि सरकारी निर्बंधांनंतर धंदा आक्रसला. २०२३ मध्ये त्याच शहराच्या चौकात २० फुटी चाकूचे शिल्प उभारले गेले.

गावाकडचा कोयता कसा घडतो?

कच्चा माल बहुतेक वेळा भंगारातून येतो. ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यांना लोहार पसंती देतो, कारण त्यांच्या पोलादात सुमारे अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. साध्या सळईत तो पाव टक्क्याच्या आत असतो. त्यामुळे सळईच्या लोखंडाला कितीही धार लावली, तरी ती टिकत नाही.

भात्याने भट्टी फुलवून पाटा लालभडक केला जातो. सांडशीने ऐरणीवर धरून त्यावर घणाचे घाव घातले जातात. घिसाडी कुटुंबांत हा घण अनेकदा बाईच्या हातात असतो. आकार आला की पाते पुन्हा तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेले पोलाद झटकन थंड झाले, की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि ते अतिशय कठीण होते. पण ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर शेकतात. त्या वेळी घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबले तर धार जास्त टिकते, निळ्याकडे गेले तर पात्याला चिवटपणा येतो.

अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत यासाठी तापमापक लागतो. लोहार ते रंगावरून ओळखतो. शेवटी बाभळीसारख्या टणक लाकडाची मूठ बसते. मानियागोत आणि मराठवाड्यात धातूचे शास्त्र एकच आहे, फरक पात्याच्या आकारात आणि हेतूत आहे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ महत्त्वाचे आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले, चाकू अशी धारदार शस्त्रे येतात. पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर ते या वर्गात मोडते. मात्र घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत.

अनेक कोयत्यांचे पाते २ इंचांहून रुंद असते. तरीही तो शेतीचे अवजार आहे, म्हणून त्याला परवाना लागत नाही. लोहाराचा धंदा आणि ऊसतोड मजुराची रोजी या एका अपवादावर उभी आहे.

म्हणजे ९ इंचांहून लहान चाकू बिनधास्त बाळगता येतो?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ नुसार जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. सण, मोर्चे आणि निवडणुकांच्या काळात असे आदेश निघतात. त्या काळात चाकूच काय, लाठी-काठी घेऊन फिरण्यावरही बंदी येऊ शकते. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने बटण किंवा स्प्रिंगवर उघडणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा घातली आहे. म्हणजे ९ इंचांची गणना तिथे कामाची नाही.

ऑनलाइन मिळते म्हणजे ते कायदेशीर, हेही खरे नाही. २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत संकेतस्थळावरून मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. त्यामुळे शोभेसाठी म्हणून खटक्याचा चाकू मागवण्यापूर्वी विचार केलेला बरा.

खरा फटका कोणाला?

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मजुराची मोजदादच अवजाराच्या नावाने होते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबे कोयते घेऊन साखरपट्ट्यात जातात. पण गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हा शब्द बातम्यांत रुळला. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना ग्राहकाचे आधार कार्ड पाहावे, अशा सूचना विक्रेत्यांना देण्यात आल्या. गुन्हे रोखायलाच हवेत. पण रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या कारागिराकडे ना दुकान असते, ना पावतीपुस्तक. संशयाची पहिली नजर त्याच्यावरच पडते.

कारागिरांसाठी योजना आहे का?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रमाणपत्र व ओळखपत्र, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रातून होते. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. अर्जाची पडताळणी आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पातळीवर होते. राज्याच्या यादीत घिसाडी भटक्या जमाती (ब) प्रवर्गात आहेत. ज्यांचे बिऱ्हाड गावोगाव फिरते, त्यांनी कोणत्या ग्रामपंचायतीकडे जायचे? एका गावात स्थिरावलेल्या लोहाराला हे सोपे आहे, फिरत्याला नाही. ग्रामसभेने हंगामात येणाऱ्या कुटुंबांची नोंद ठेवली, तर ही वाट थोडी मोकळी होऊ शकते. अशा कुटुंबाच्या हाती ओळखपत्र आले, तर कोयता विकताना झालेल्या चौकशीला दाखवायलाही काही तरी असेल.

मानियागोच्या सुरीला संग्रहालय मिळाले, रामपुरीला चौक मिळाला. आपल्याकडे सोयाबीन कापणीच्या तोंडावर विळा पाजवून देणाऱ्या माणसाला निदान कारागीर म्हणून ओळख मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.