वेळणेश्वरात बोर्ड लावताय? आधी जागा कुणाची ते बघा!

होमस्टे तयार झाला, खानावळीचं किचन लागलं, आता काय राहिलं? बोर्ड! वेळणेश्वरसारख्या गावात पर्यटक मंदिर आणि समुद्र बघायला येतो. तुमचं घर आतल्या वाडीत असेल, तर वळणावर बोर्ड हवाच. पण वेल्डरला ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. परवानगीशिवाय लावलेला बोर्ड उतरवला गेला, तर फ्रेमचा खर्चही गेला आणि सीझनही.

पहिला प्रश्न: जागा कुणाची? स्वतःची असेल तर सोपं. दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. तोंडी 'लाव रे' चालत नाही. जागा रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. चिपळूण-गुहागर हा राष्ट्रीय महामार्ग १६६ई चा भाग आहे. आतले रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, जिल्हा परिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे असू शकतात. ज्याचा रस्ता, त्याची परवानगी.

दुसरा प्रश्न: परवानगी देणार कोण? गुहागर शहरात नगरपंचायत आहे, वेळणेश्वरात ग्रामपंचायत. म्हणून गुहागरच्या मित्राने काय केलं, ते जसंच्या तसं उचलू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जासोबत बोर्डाचं माप, जागेचा फोटो आणि साधा नकाशा जोडा.

तिसरा प्रश्न: समुद्र किती जवळ आहे? सीआरझेडचे नियम साधारणपणे भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत लागू होतात. किनाऱ्याकडे काँक्रीटचा पाया घालून खांब उभा करायचा असेल, तर आधी विचारा, मग खोदा.

झाडावर किंवा विजेच्या खांबावर बोर्ड ठोकायचा मोह होतो. तो टाळा. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भिंत, झाड, खांब हे सगळं येतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'पोराने लावला' म्हणून सुटका होत नाही, कारण ज्याच्या फायद्यासाठी बोर्ड लागला त्यालाही कायदा विचारतो.

आता मुद्दा जिवाचा. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, ते होतं १२० बाय १२० फूट. तुमचा बोर्ड छोटा असेल, पण वारा कोकणातला आहे! ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. म्हणून बोर्ड लहान ठेवा, अँगल मजबूत घ्या आणि पावसाळ्याआधी नटबोल्ट तपासा. मोठा फ्लेक्स जूनआधी उतरवलेला बरा.

आणि हो, दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षरं आधी हवीत, इतर लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे.

परवानगी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. गुगल मॅपवर तुमचं ठिकाण नीट टाका, फोटो आणि फोन नंबर द्या. त्याला ना खांब लागतो, ना पाया. आणि उद्या सकाळी पहिलं काम एकच: अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जा. वेल्डरकडे नंतर!